जेट स्की घेतली, पण पाणी कुणाचं? नाशिककरांसाठी नोंदणीपासून पाण्यात उतरेपर्यंत

जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, घ्यायचं ठरलं की नाशिकचा माणूस पहिला फोन आरटीओ एजंटला करतो. मीही केला होता. पलीकडून प्रश्न आला, "चाकं किती?" चाकं नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, "मग आपल्याकडे काम नाही, साहेब." बरोबरच होतं त्याचं. मोटार वाहन कायदा रस्त्यावरच्या वाहनांसाठी आहे. पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाला वेगळा कायदा आणि वेगळं खातं लागतं. गोदाकाठच्या माणसाला त्याचा पत्ता शोधायला थेट मुंबईच्या बंदरखात्याकडे बघावं लागतं.

नवख्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. यंत्राचे कागद, चालवणाऱ्याचा दाखला आणि पाण्याची परवानगी या तीन सुट्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. मोटारसायकलची आरसी हातात आली की रस्ता आपलाच असतो, त्यामुळे ही सवय सुटायला वेळ लागतो. बहुतेक जण यंत्र घेतात, मग कागद बघतात आणि पाण्याचा विचार पिकअपमध्ये यंत्र चढवताना करतात. नाशिकमध्ये हा क्रम उलटा ठेवा, कारण इथे सगळ्यांत अवघड मिळतं ते पाणीच.

आधी पाणी

जिल्ह्यात धरणं भरपूर आहेत: गंगापूर, काश्यपी, दारणा, मुकणे, वालदेवी, आळंदी. रविवारी काठावर उभं राहिलं की एवढं पाणी रिकामं पडलंय असं वाटतं. ते रिकामं नसतं. धरणाचं पाणी आणि बुडीत क्षेत्राची जमीन जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते, आणि धरणाची भिंत, सांडवा, विमोचक (पाणी सोडायची दारं) यांच्या आसपासचा भाग प्रतिबंधित असतो. शिवाय मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो. बॅकवॉटरला लागून कुणाचं शेत असेल आणि त्याने "उतरवा की इथून" म्हटलं, तरी ती परवानगी त्याच्या बांधापुरतीच. पाण्यात उतरायची परवानगी त्याच्या हातात नाही.

गंगापूर धरणाचं तर आणखी वेगळं. १९६५ मध्ये पूर्ण झालेलं हे मातीचं धरण नाशिक शहराची तहान भागवतं. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात रोज किती दशलक्ष घनफूट उरलं ते छापून येतं ते याच पाण्याचं. तुमच्या टाकीतून सांडलेलं पेट्रोल घरच्याच नळाच्या वाटेवर असतं. म्हणून जुनं टू-स्ट्रोक यंत्र स्वस्त मिळालं तरी इथे आणू नये. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलचा चांगला मोठा हिस्सा न जाळताच बाहेर टाकतं, आणि जेट स्कीच्या बाबतीत बाहेर म्हणजे पाण्यातच.

गंगापूर धरणावर एमटीडीसीचा, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचा, बोट क्लब आहे. माझा सल्ला असा की यंत्राला पैसे मोजण्याआधी अशा अधिकृत ठिकाणी पैसे देऊन दोन-तीनदा बसून या. हौस किती टिकते तेही कळतं, आणि खासगी यंत्र पाण्यात घेण्याबद्दल कुणाला अर्ज करायचा हे तिथल्याच माणसांना नीट ठाऊक असतं. अर्ज जलसंपदाच्या संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या नावाने लेखी करावा. कोणतं धरण, कोणत्या काठावरून उतरणार, किती यंत्रं, कोणते महिने, इंधन कुठे भरणार, एवढं त्यात स्पष्ट लिहावं. होकार येवो वा नकार, तो कागदावर घ्या. "साहेबांशी बोलणं झालंय" हे वाक्य काठावर पोलीस आल्यावर काही कामाचं नसतं.

दोन पाणी सरळ विसरा. एक, नांदूर मध्यमेश्वर. ते अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि तिथे वन्यजीव कायदा चालतो. थंडीत परदेशी बदकं उतरलेली असताना इंजिन घेऊन जायचा विचारही नको. दुसरं, शहरातली गोदावरी. सोमेश्वरच्या धबधब्याखाली खडक आहेत, रामकुंडाकडे स्नानाला आलेली माणसं आहेत, केटीएचएम कॉलेजच्या बाजूला रोइंगची मुलं सराव करत असतात, आणि पानवेली वाढल्या की नदीचं हिरवं मैदान होतं. जेट स्कीचं इंजिन खालच्या जाळीतून पाणी ओढून मागे फेकतं. पानवेलीचा एक झुबका त्या जाळीत ओढला गेला की यंत्र जागच्या जागी गपगार.

धरणाची परवानगी मिळत नसेल तर समुद्राचा विचार करा, पण मग वर्षाचं गणित बदलतं. कोकण किनाऱ्यावर दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असते. तीन महिने यंत्र घरात उभं राहणार हे धरूनच चाला.

यंत्र बघताना

यंत्राला सगळे जेट स्की म्हणतात. खरं तर ते कावासाकीचं व्यापारी नाव. यामाहाचं वेव्हरनर, बीआरपीचं सी-डू. कागदांवर "वॉटर स्कूटर" किंवा "पर्सनल वॉटरक्राफ्ट" असं येतं, त्यामुळे बिलावर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. लहान यंत्र दोनशे किलोच्या आसपास, मोठं तीन माणसांचं साडेतीनशेच्या पुढे. नव्याची किंमत काढताना जीएसटी विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या आणि खेळाच्या जलयानांवर तो ४० टक्के आहे.

म्हणूनच लोक जुन्याकडे वळतात. मीही वळलो, आणि तिथे जे झालं ते सांगतो. किनाऱ्यावरच्या एका गावातून यंत्र ठरवलं. विक्रेता म्हणाला, २०१४ चं मॉडेल, एकदम शोरूम कंडिशन. बिलावरही २०१४ लिहिलेलं. यंत्राच्या पाठीमागे, उजव्या अंगाला, पाणरेषेच्या वर सांगाड्यावर बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो, त्याला हल नंबर म्हणतात. त्यावर मीठ आणि काळा चिकटा बसला होता. रुमाल ओला करून पुसला. अमेरिकन पद्धतीच्या या क्रमांकात शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. तिथे ११ होतं. विक्रेत्याकडे बघितलं तर तो म्हणाला, "अहो, तो पार्ट बदललेला असेल." सांगाडा हा पार्ट नसतो. सांगाडा म्हणजेच यंत्र. ॲडव्हान्सचे पंधरा हजार परत मिळवायला दोन महिने गेले.

तेव्हा जुनं यंत्र घेताना हल नंबर आणि इंजिन नंबर हे दोन्ही स्वतः वाचा, फोटो काढा आणि कागदाशी अक्षर-अक्षर जुळवा. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांत कारकूनही चुकतात, आणि मग यंत्र तपासणारा सरकारी सर्व्हेअर अर्ज परत पाठवतो. यंत्र परदेशातून आलेलं असेल तर आयातीच्या वेळचा कस्टमचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, मागा. तो नसेल तर किंमत कितीही खाली आली तरी उठून चहा प्यायला जा. आधी दुसऱ्याच्या नावावर नोंदणी झालेली असेल तर नोंदणी दाखला, शेवटचा सर्व्हे दाखला आणि विक्रीचा करार हे तिन्ही घ्या. कर्ज काढून घेतलेलं यंत्र असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही.

नोंदणी

कायदा आहे अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१. त्याने १९१७ चा इंग्रजांच्या काळातला कायदा बाजूला केला. नव्या कायद्याचा आपल्याला थेट फायदा असा की एका राज्यात दिलेला नोंदणी दाखला देशभर चालतो. जुन्या कायद्यात दुसऱ्या राज्यात जाताना पुन्हा तिथली परवानगी लागायची. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या जलयानाला सर्व्हे, नोंदणी आणि विमा हे तिन्ही असल्याशिवाय पाण्यात आणता येत नाही. "माझ्या हौसेसाठी आहे, भाड्याने देत नाही" हा बचाव चालत नाही. इंजिन आलं की कायदा आला.

महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. १९९६ च्या कायद्याने ते स्थापन झालं, मुख्यालय मुंबईत, आणि खाली प्रादेशिक बंदर अधिकारी: वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी, वेंगुर्ला. नाशिकला बंदर नाही, म्हणून मुख्यालयालाच पत्र लिहून आपला अर्ज कोणत्या बंदर अधिकाऱ्याकडे द्यायचा ते विचारून घ्या. मध्ये एजंट भेटतील. कोकणात बोटींचं काम करणारे चांगले लोक आहेत, पण पावती सरकारी आणि तुमच्याच नावाची हवी.

सर्व्हे आणि नोंदणी यांत नवखा माणूस हमखास गोंधळतो. गाडीच्या भाषेत सांगायचं तर नोंदणी म्हणजे आरसी, सर्व्हे म्हणजे फिटनेस. आधी सर्व्हे. सर्व्हेअर येऊन सांगाडा, इंजिन, इंधनाची टाकी, आग विझवण्याचं साधन, लाइफ जॅकेटं, किल स्विच (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारं बटण) बघतो आणि किती माणसं बसवायची ते ठरवतो. त्याचा अहवाल बरा आला की सर्व्हे दाखला मिळतो, आणि त्याच्या आधारावर नोंदणी. सर्व्हे दाखल्याला मुदत असते. ती संपली की नोंदणी असूनही यंत्र पाण्यात नेता येत नाही. तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीची टाका, कारण सर्व्हेअर नाशिकला बोलवायचा म्हणजे त्याची सवड आपल्या सवडीशी जुळावी लागते. आमच्याकडे चार जणांनी मिळून एकाच दिवशी चार यंत्रं तपासून घेतली. जाण्यायेण्याचा खर्च वाटला गेला.

अर्जासोबत ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, खरेदीचं बिल, आयातीचा कागद किंवा निर्मात्याचं प्रमाणपत्र, हल आणि इंजिन नंबर दिसतील असे फोटो, चारही बाजूंनी यंत्राचे फोटो, विमा आणि शुल्काची पावती, एवढी फाइल तयार ठेवा. दोन संच काढा. एका संचावर "मिळाले" असा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

क्रमांक मिळाला की तो यंत्राच्या दोन्ही बाजूंना ठळक रंगवायचा. फॅन्सी अक्षरं नकोत, दुरून वाचता यायला हवा. कागदांच्या प्रती सीटखालच्या कप्प्यात पाणी न जाणाऱ्या पाकिटात ठेवा. पुढे इंजिन बदललं, सांगाड्यात फेरफार केला किंवा यंत्र विकलं तर ते कळवावं लागतं. विकून कळवलं नाही आणि नव्या मालकाने कुणाला धडक दिली, तर पोलीस कुणाचं दार वाजवतील ते सांगायला नको.

विम्याबद्दल थोडक्यात: गाडीच्या विम्यात हे बसत नाही. जलयानाची पॉलिसी वेगळी असते, आणि त्यात तिसऱ्या व्यक्तीच्या इजेची जबाबदारी आहे की नाही ते वाचून घ्या. फक्त यंत्राची मोडतोड भरून देणारी पॉलिसी स्वस्त पडते आणि नेमकी तीच विकली जाते.

ट्रेलर मात्र आरटीओचा. गाडीमागे ओढायचा तर त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेला बिननंबरी ट्रेलर त्र्यंबक रोडवर पकडला गेला की गंमत तिथेच संपते. वर्षातून सहा वेळा जाणार असाल तर पिकअप भाड्याने घेणं परवडतं.

हात शिकवून घ्या

बुलेट चालवता येते म्हणून जेट स्की चालवता येईल असं वाटतं, कारण हँडल सारखंच दिसतं. फरक एका वाक्यात: रेस सोडली की हँडल फिरवून उपयोग नाही. पाण्याचा जो झोत मागे जातो तोच यंत्राला वळवतो. झोत बंद, वळणं बंद. समोर काही दिसलं की रस्त्यावरचा माणूस सवयीने रेस सोडतो, आणि यंत्र सरळ त्याच वस्तूवर जातं. जेट स्कीचे बरेच अपघात याच एका सवयीतून होतात. नव्या काही मॉडेलांना ब्रेकसारखी दांडी असते, पण ज्या जुन्या यंत्रांवर आपण शिकतो त्यांना ती नसते.

गोव्यात केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे पॉवर बोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे कोर्स होतात. नाशिकहून गोवा म्हणजे एक रात्रीचा प्रवास. सुट्टी काढून तिथला दाखला घेऊन या. पुढे कुणी विचारलं, "चालवता येतं याचा पुरावा काय?" तर कारचं लायसन्स दाखवावं लागत नाही, आणि विमा कंपनीशी बोलतानाही त्याचं वजन पडतं. पोहता येत असलं तरी जीवरक्षणाचा कोर्स टाळू नका. पाण्यात घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्यातच पडतो.

उतरण्याआधीची दहा मिनिटं

यंत्राच्या मागे खाली दोन बुचं असतात. घरी आल्यावर आतलं पाणी काढायला ती उघडायची. आणि पुढच्या वेळी विसरायची. आमच्या एका मित्राने यंत्र पाण्यात सोडलं, शंभर मीटर गेला, आणि मागचा भाग हळूहळू खाली बसायला लागला. त्याला वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून त्याने रेस वाढवली. परत ओढून आणलं तेव्हा बुचं त्याच्या पँटच्या खिशात होती. तेव्हापासून मी बूच काढलं की गाडीच्या किल्लीलाच अडकवतो. बुचं लावल्याशिवाय किल्ली मोकळी होत नाही.

पेट्रोल टाकीत पंपावरच भरून या, प्लास्टिकच्या कॅनमध्ये नाही. भरून आल्यावर सुरू करण्याआधी सीट उचलून पाच मिनिटं हवा खेळू द्या. आत बंद जागेत वाफ साचलेली असते आणि पहिल्या ठिणगीची वाट बघत असते. इंधनाचा हिशोब तीन भागांत: एक जायला, एक यायला, एक उरवायला. १८०० सीसीचं इंजिन पूर्ण रेसवर तासाला चाळीस लिटरच्या वर पितं, तेव्हा टाकी भरलेली आहे यावर फार विसंबू नका.

लाइफ जॅकेट मापाचं हवं. घालून खांद्याजवळ दोन्ही हातांनी वर ओढून बघा. कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात डोक्यातून निघून जाणार. मागे बसणाऱ्यालाही तेच, लहान मुलांना त्यांच्या मापाचं. किल स्विचची लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला लावल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पडलात की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. ती हँडललाच गुंडाळून ठेवणारे शूर मी बघितले आहेत. त्यांचं यंत्र त्यांच्याशिवायच पलीकडच्या काठाला गेलेलंही बघितलं आहे.

पाण्यावर

धरणाच्या पाण्याला खुणा नसतात. त्यामुळे पहिली फेरी हळू, काठाकाठाने, बघण्यासाठी. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली चिलापीसाठी लावलेलं जाळं आहे. वळसा घाला. जाळं इंपेलरमध्ये, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंख्यात, गुंडाळलं तर तुमचं यंत्र बंद आणि कोळ्याचा आठवड्याचा धंदा बुडाला. भरपाई जागेवर द्या आणि माफी मागा, कारण उद्या तुम्ही पडलात तर तुम्हाला काढायला त्याचीच होडी येणार आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की एकदा नुसतं चालत फिरून या. बुडालेल्या विहिरींचे कठडे, बांध, झाडांचे बुंधे, पाण्याच्या मोटारींचे पाइप सगळं उघडं पडतं. त्याचे फोटो दिवाळीत, पाणी भरलेलं असताना, कामाला येतात. कमरेएवढ्या पाण्याच्या आत इंजिन सुरू करू नका, गाळ आणि गोटे आत ओढले जातात.

दोन यंत्रं समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. रस्त्यावरच्या डावीकडच्या सवयीला हे बरोबर उलटं. एकमेकांची वाट ओलांडताना उजव्या हाताच्या यंत्राला वाट द्या. मागून पुढे जाणाऱ्याने लांब राहायचं. वल्ह्याच्या आणि शिडाच्या होडीपासून दूर, आणि पोहणाऱ्यांपासून त्याहून दूर.

वाऱ्याला हसू नका. मे २०२४ मध्ये उजनी धरणाच्या पाण्यात अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत दुपारी तीननंतर पश्चिमेला ढग काळवंडले की काठाला या. पावसाळ्यात तर जाऊच नका. विसर्ग सुरू झाला की सांडव्याकडे ओढ लागते. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले म्हणजे वर धरणावर काय चाललं असेल ते नाशिककराला कळतंच.

यंत्र उलटलं तर ते सरळ करायची दिशा मागच्या स्टिकरवर दाखवलेली असते. उलट्या दिशेने फिरवलं तर इंजिनात पाणी जातं. चढायचं नेहमी मागूनच, आणि इंजिन बंद असताना.

भाड्याने फेऱ्या मारायचा बेत असेल तर वरचं सगळं फक्त सुरुवात आहे. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण लागू होतं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, प्रशिक्षित जीवरक्षक आणि बचावाची तयारी दाखवावी लागते. "मित्रांकडून फक्त पेट्रोलचे पैसे घेतो" हेही अपघात झाल्यावर भाडंच ठरू शकतं.

बाहेर काढल्यावर ट्रेलरचे रोलर आणि यंत्राची खालची जाळी हाताने चाचपून बघा. पानवेलीचा एक कोंब अडकून दुसऱ्या धरणात गेला तर पुढच्या हंगामात तिथला काठ हिरवा झालेला असतो. जाळी साफ करा, गोड्या पाण्याने धुवा, बुचं उघडा आणि किल्लीला अडकवा.